उलट्या गाठीची मोळी

माझ्या धाकट्या लेकीचं, राजेश्रीचं, लग्न दोन हजार बावीसच्या वैशाखात झालं. अक्षता पडल्या, वऱ्हाड जेवायला बसलं आणि मी चुलाण्याकडं गेले, तर माझी सून कोकिळा रिकाम्या पोत्यावर बसलेली. उजवा हात पोटावर दाबून धरलेला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई आत्याबाई, वाढून वाढून कंबर धरली." मी ते खरं धरलं. त्याच वर्षी पाऊसकाळ सरता सरता आमच्या टोळीला परदेशी संस्थेची कार्डं मिळाली. म्हणून ते साल माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलंय.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या थडीला. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आमच्या टोळीत बारा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको तोडते, उसाचा पाला साळून काढते, मोळ्या बांधते, आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढते. मुकादमाच्या वहीत मात्र कोयत्याला एकच नाव असतं, नवऱ्याचं. मी तीस वर्षं ऊस तोडला. एकदाही माझं नाव कुठल्या वहीत आलं नाही आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं इथूनच निघालं.

आमच्या टोळीतल्या बायकांची एक पद्धत होती. कुणी सुरू केली ते माहीत नाही, माझ्या सासूच्या वेळेपासून मी बघत आले. एखादी बाळंत झाली, कुणाला ताप आला, कुणाचा हात कापला, तर बाकीच्या अकरा जणी रोज दोन-दोन मोळ्या जास्तीच्या बांधायच्या आणि तिच्या सरीत नेऊन टाकायच्या. तिचा कोयता कमी पडायचा नाही आणि मुकादमाला खाडा लावता यायचा नाही. या मोळ्यांची गाठ आम्ही उलटी मारायचो. वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, पीळ नेहमी उजवीकडं वळवतात, हा डावीकडं. मुकादमाला ते कळत नसे. बाईला लांबून कळे की ही मोळी आजारणीची आहे. कुणी कुणाचे उपकार मानायचे नाहीत, कुणी बोलायचंही नाही. एवढंच.

ही गोष्ट गोऱ्या बाईला मी सांगितली.

तिचं नाव एल्स. युरोपातल्या मोठ्या संस्थेची. दोन हजार वीसच्या जानेवारीत ती आमच्या फडावर आली, आमच्या विजयमालाताई घेऊन आल्या. विजयमालाताईंची संस्था परभणीत. पूर्वी त्या लुनावर यायच्या, फुफाट्यात आमच्याबरोबर मांडी घालून बसायच्या, कालवण मागून घ्यायच्या. माझ्या एक्कावन्नाव्या वर्षी मारुतीच्या पारावर दुपारचा वर्ग काढून त्यांनीच मला अक्षरं शिकवली. ते मी विसरणार नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा राग मला जास्त जाळतो.

तर एल्स बाई ढिगाऱ्याजवळ थांबली. डोळा चांगला होता तिचा. बोट दाखवून काही बोलली. ताई म्हणाल्या, "त्या विचारताहेत, या मोळ्यांच्या गाठी वेगळ्या का?"

बायका खाली बघून हसायला लागल्या. कडूबाई म्हणाली, "ती कोकिळा डावखुरी हाय आमची."

"आन् तू लय उजवी," कोकिळा म्हणाली. "कालच्या भाजीत मीठ दोनदा कुणी घातलं मग?"

चार दिवसांपूर्वी टोळीतली राणी कोपीवरच, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली होती आणि त्या मोळ्या तिच्यासाठी होत्या. मी सांगितलं सगळं. एल्स बाईनं लिहून घेतलं, गाठीचा फोटो काढला, कोकिळेचा हात धरून परत परत गाठ मारायला लावली. कोकिळा हसत होती. म्हणाली, "आत्याबाई, हिला घेऊन चला आपल्या टोळीत, हात मऊ हायती पर शिकंल."

पुढच्या वर्षी तिचं पुस्तक आलं. चकचकीत कागद, सात भाषांत म्हणे. मधल्या पानावर कोकिळेचे हात. चेहरा नाही, नुसते हात. फिलिपिन्स नावाच्या बेटांच्या देशातल्या ऊस तोडणाऱ्या बायकांनी ते वाचलं आणि त्यांनीही तशा मोळ्या टाकायला सुरुवात केली. ताई तिकडं जाऊन शिकवून आल्या. परत आल्या तेव्हा ऑफिसला नवा बोर्ड लागला होता आणि त्या आमच्याशी बोलताना नवे शब्द बोलायला लागल्या होत्या. आम्ही आता टोळी नव्हतो, गट होतो. मोळी टाकणं हे आता मोळी टाकणं नव्हतं, 'परस्पर-आधाराचं प्रारूप' होतं. मला प्रारूप हा शब्द वाचायला तीन खेपा लागल्या. तरी आनंद झाला, खोटं का बोलू. आपलं कुणीतरी इतक्या लांब घेतं याचा आनंद झाला.

मग दोन हजार बावीसच्या भादव्यात कार्डाचं निघालं. आमचंच बघून त्या मोठ्या संस्थेनं ठरवलं होतं की ऊस तोडणाऱ्या बायकांना आजारपणाचं कार्ड द्यायचं. कारखान्याच्या भागात एक दवाखाना ठरवलेला. कार्ड दाखवायचं, आधी उपचार, बाकीचं संस्था बघेल. ताईंनी पारावर बैठक घेतली.

"आता मोळ्यांवर भागवायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मोळ्या म्हणजे तुम्हीच तुमच्या अंगावर ओझं घ्यायचं. आता हक्कानं मिळणार."

"बरं झालं," कडूबाई म्हणाली. "माजी मान तेवढीच वाचंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सासूच्या वेळेपासूनची पद्धत एका दुपारी संपली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

यादी मी लिहिली. टोळीत वाचता-लिहिता येणारी बाई मी एकटीच, आणि ताईंची विद्यार्थिनी. संस्थेतली पोरगी साधना छापील फॉर्म देऊन गेली. वर लिहिलं होतं, 'कामगाराचे पूर्ण नाव'. मी ओट्यावर बसून बारा नावं लिहिली. बारा कोयते, बारा नावं. वाल्मीक, माझा मुलगा, तिसऱ्या ओळीत. मुकादमाच्या वहीसारखंच, पण माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. एकाही बाईचं नाव लिहायचं माझ्या मनात आलं नाही. बायकांच्या कार्डाच्या यादीत.

कोकिळा भाकरी थापत होती. तिनं आतून विचारलं, "आत्याबाई, माजं नाव बी लिवलं का?"

"वाल्मीकचं लिवलं की. कोयता लिवला म्हंजी तू आलीस त्यात."

"तसं नव्हं, कागद हाय म्हणून इचारलं."

"कागदाचं मला शिकवतीस व्हय?"

"न्हाई बाई," ती हसली. "मला कुठं येतंय वाचाया."

हे बोलणं मी रोज ऐकते. भाकरीच्या थापण्याच्या आवाजासकट.

साधनानं यादी नेली, परभणीला कंप्युटरात घातली. बारा पुरुषांची नावं बघून तिला काही वाटलं नाही का? वाटलं, हे मला नंतर कळलं. तिनं ताईंना विचारलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, मुदत उद्या संपते, एका कोयत्यात दोघं असतात, अहवालात चोवीस लिही, त्यात बायका बारा. म्हणजे युरोपात गेलेल्या अहवालात बायका होत्या. कार्डावर नव्हत्या. दसऱ्याला कार्डं वाटली तेव्हा फोटो काढताना मात्र बायकांना पुढं बसवलं होतं, एकेकीच्या हातात नवऱ्याच्या नावाचं कार्ड देऊन. वाचता येणारी मी तिथंच उभी होते. मी वाचलं, 'वाल्मीक'. मला ते बरोबरच वाटलं.

कोकिळेनं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चोळीत ठेवलं. नातवाला, भारतला, माझ्याकडं सोडून ती दोघं टोळीबरोबर गेली.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी तिचं पोट दुखायला लागलं. शुक्रवारी वाल्मीक तिला मोटारसायकलवर बसवून ठरलेल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या खिडकीवर कार्ड बघितलं. आजारी कोण? ही. नाव? कोकिळा. कार्ड वाल्मीकचं आहे. खिडकीतल्या माणसानं कंप्युटरात बघितलं, बारा नावं बघितली, कोकिळा नव्हती. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सरकारी दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. सरकारी दवाखाना तिथून पन्नास किलोमीटरवर. वाल्मीकनं साधनाला फोन लावला. ती म्हणाली, नाव घालायचं तर तिकडून, युरोपातून, मंजुरी लागती, मी मेल टाकते. वाल्मीकला वाटलं, कार्डाचं होईलच, तर कशाला लांब जायचं. तो तिला कोपीवर परत घेऊन आला.

हे कळल्यावर मी शनिवारी दुपारी फोन केला. वाल्मीकनं तिच्याकडं दिला.

"कसं हाय गं पोट?"

"बरं हाय आत्याबाई. सकाळपून हलकं वाटायलंय."

"पडून हायस ना?"

"न्हाई, फडातच हाय. खाडा पडायलाय. मुंजाजी मुकादम काल लय बोलला ह्यांना."

"बायका मोळ्या टाकायल्यात का न्हाई?"

फोनमधून उसात वारा शिरल्याचा आवाज येत होता.

"आता कार्ड हाय ना, आत्याबाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. जे ठरलं ते सांगत होती. "भारत जेवला का?"

"जेवला. तू कोयता खाली ठेव अगुदर. वाल्मीकला दे फोन."

वाल्मीकला मी शिव्या दिल्या. गाडी कर आणि ने म्हणाले. तो म्हणाला, "माय, सोमवारी नाव यायलंय, साधनाताई बोलली. आज बरं बी हाय तिला."

मी ताईंना लावला. उचलला नाही. साधनानं उचलला. "मावशी, मेल गेलाय. पण तिकडं शनिवार-रविवार सुटी असती."

"पोटाला असती का सुटी?"

फोन ठेवल्यावर मी ट्रंकेतून यादीची नक्कल काढली आणि ओट्यावर बसून वाचली. बारा नावं. माझं सुरेख अक्षर.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तिचं अपेंडिक्स शनिवारी सकाळी फुटलं असणार. फुटल्यावर थोडा वेळ हलकं वाटतं म्हणे. त्या हलक्या वाटण्यात ती दिवसभर ऊस तोडत राहिली. रविवारी अंग तापलं, पोट लाकडासारखं झालं. सोमवारी पहाटे जीप मिळाली.

मंगळवारी तिला गावाला आणलं.

टोळी हंगाम सोडून येऊ शकत नव्हती. कडूबाई फेब्रुवारी संपता संपता आली, कारखाना बंद झाल्यावर. तशीच बोचक्यासकट आमच्या अंगणात येऊन बसली. मी चहा ठेवला नाही.

"बोल की कायतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

"तू किती लांब व्हतीस तिच्यापून?"

"चौथ्या सरीत."

"दिसत व्हती?"

"दिसत व्हती. वाकली की हात टेकायची." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, कार्ड हाय. सगळ्यांलाच वाटलं, सगुणाबाई. आमी टाकल्या असत्या तर आनखीन म्हणलं असतं, जुन्याच वळणाच्या बाया. ताईंनीच सांगितलं व्हतं ना."

"गाठ इसरली व्हतीस का?"

"न्हाई. हात कुठं इसरतोय."

"मग?"

ती बोचकं जवळ ओढून बसली. मला तिला उठवून लावायचं होतं. पण चौथ्या सरीतली ही आणि ओट्यावरची मी, यात मला काही फरक दिसेना. तिनं दोन मोळ्या टाकल्या नाहीत, मी दोन शब्द लिहिले नाहीत. मी उठून चहा ठेवला.

मार्चच्या सुरुवातीला ताई घरी आल्या. डोळे पुसले, भारतच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मावशी, आठ तारखेला परभणीत कार्यक्रम आहे. फिलिपिन्सच्या बायका पडद्यावर येणार आहेत, तुमच्याशी बोलायचंय त्यांना. एल्स पण असणार. तुम्ही या पद्धतीचं मूळ आहात."

"कोकिळेचं सांगितलंय का त्यांला?"

"अजून नाही. सांगणार आहे, योग्य पद्धतीनं. त्या दिवशी नको. आधीच निधीचं नवीन वर्ष आहे, चुकीचा संदेश गेला तर कार्डंच बंद होतील. मग बाकीच्या बायकांचं काय?"

हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. त्यांनी ते हो धरलं.

आठ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सात बायका एसटीनं परभणीला गेलो. वसमत रोडला हॉल घेतला होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, वर जांभळा बॅनर, आणि बॅनरवर कोकिळेचे हात. पुस्तकातलाच तो फोटो, मोठा केलेला. माणसाएवढे हात. मी पुढच्या रांगेत त्यांच्यासमोर बसले.

पडदा लागला. एका चौकोनात एल्स बाई. दुसऱ्या मोठ्या चौकोनात पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या पंचवीस-तीस बायका, रापलेल्या, आमच्यासारख्याच. त्यांच्यातली पुढची नेनिता नावाची. तिनं आधी एक मोळी उचलून दाखवली. ऊस आमच्यापेक्षा बारीक होता, पण गाठ डावीकडं पिळलेली होती. अगदी बरोबर. इथं आमच्यातल्या एकीनंही ती यंदा मारली नव्हती आणि तिथं समुद्रापलीकडं ती बाई हसत हसत दाखवत होती.

ती तिच्या भाषेत बोले, तिथलं कुणी इंग्रजीत सांगे, आणि साधना आम्हाला मराठीत सांगे. नेनितानं विचारलं ते असं: "आमच्यात वाटणीवरून भांडणं होतात. कुणी म्हणते मी काल जास्त टाकल्या. तुम्ही मूळच्या. यंदा तुमच्या टोळीत कुणासाठी टाकल्या आणि कशा वाटून घेतल्या, ते सांगा."

साधनानं माईक माझ्यापुढं धरला. ताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मान हलवून मला खूण केली, की सांगा, जुनं काहीतरी सांगा.

"यंदा कुणासाठीच टाकल्या न्हाईत," मी म्हणाले.

साधनानं ते सांगितलं.

"टाकायला पायजे व्हत्या. वर बॅनरवर हात दिसायलेत ते माझ्या सुनंचे. कोकिळा तिचं नाव. तिच्या पोटात दुखत व्हतं तवा अकरा जणी तिच्या आसपास व्हत्या. एकीनं मोळी टाकली न्हाई. कारण तुमच्या संस्थेनं कार्ड दिलं आन् आमच्या ताईंनी मोळ्या थांबवा म्हणून सांगितलं. आन् कार्डावर तिचं नाव नव्हतं. कारण यादी मी लिवली आन् मी नुसती गड्यांची नावं लिवली. दवाखान्यानं तिला माघारी लावलं. ती मेली."

"मावशी, थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी माईक घेतला. "साधना, हे सांगू नकोस. सांग की मावशी भावनिक झाल्यात."

साधना एकदा ताईंकडं आणि एकदा माझ्याकडं बघत उभी राहिली. माईक ताईंकडं होता. तिनं लॅपटॉपजवळ जाऊन वाकून, माईकशिवायच, इंग्रजीत सगळं सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण 'कोकिळा' हे नाव तीनदा ऐकलं. अहवालातले चोवीस पण तिनं सांगितले, कारण एल्स बाईनं मधेच आकडा विचारला आणि मग तोंडावर हात धरला.

पलीकडं नेनिताला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती हसायची थांबली. तिनं विचारलं, "किती लागल्या असत्या?"

"दिवसाला बावीस," मी म्हणाले. "चार दिवसाच्या अठ्ठ्याऐंशी."

ती मागं वळली आणि तिच्या बायकांना काहीतरी म्हणाली. त्या सगळ्या एकदम हालल्या. पिशव्या उघडल्या, झोळ्या उलट्या केल्या, कुणी चोळीत हात घातला. तीस बायका आपापली कार्डं काढून वाचायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या शेजारणीला दाखवत होत्या. त्यांनाही कार्डं मिळाली होती, तोच छापील फॉर्म, आणि पुढच्या महिन्यापासून मोळ्या बंद करायचं त्यांनीही ठरवलं होतं. शेडमध्ये गलका झाला. एक म्हातारी कार्ड हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ आली आणि ते आमच्यापुढं धरलं. त्यावर कुणाचं नाव होतं ते साधनानं वाचून सांगितलं. तिच्या नवऱ्याचं होतं.

नेनिता म्हणाली, "आम्ही मोळ्या बंद करणार नाही. कार्डं दुरुस्त झाली तरी नाही. तुम्ही परत सुरू करा." सांगण्यात गोडवा नव्हता. ती आमच्यावर रागावली होती आणि मला ते बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं. सगळे डोळे पुसायला येत होते.

पडदा बंद झाल्यावर ताईंनी मला दाराजवळ गाठलं.

"वीस वर्षं, मावशी. तुम्हाला अक्षरं कुणी शिकवली?"

"तुमीच."

"मग हे असं?"

"अक्षर तुमी शिकवलं. कुणाचं नाव लिवायचं ते मला कळायला पायजे व्हतं, ते माझ्यावर. पर ते चोवीस तुमी लिवलेत. बाई मोजायची आन् तिला कार्ड द्यायचं न्हाई, हे मुंजाजी मुकादमाला बी जमलं नसतं. तो निदान मोजत तरी न्हाई."

त्या रडल्या. मी थांबले नाही. एसटी पाचची होती.

मेमध्ये कागद आला. मोठ्या संस्थेनं नियम बदलला होता, सगळ्या देशांत. नवरा-बायकोला वेगळं कार्ड, बाईचं नाव आधी, आणि नाव नसलं तरी पहिल्या दिवशी उपचार. नेनिताच्या बायकांनी आणि आणखी दोन देशांतल्या बायकांनी मिळून लेखी भांडण केलं, म्हणून झालं. खाली लिहिलं होतं की या नियमाला कोकिळेचं नाव द्यायची इच्छा आहे, कुटुंबाची परवानगी हवी. साधनानं मला वाचून दाखवायची तयारी दाखवली. मी म्हणाले, मला वाचता येतं. मी त्याच कागदाच्या पाठीमागं लिहिलं, 'देऊ नये', आणि सही केली. तिच्या हातांचा बॅनर झाला तेवढा पुरे. जिवंतपणी तिचं नाव कुणाला लागलं नाही, आता कुणाच्या कामाला यायची गरज नाही.

पुढच्या भादव्यात मुंजाजी मुकादम कोयते ठरवायला आला. ओट्यावर बसला, वही उघडली, पान चघळत एकेक नाव वाचायला लागला. वाल्मीकवर थांबला.

"मामी, वाल्मीकचा यंदा अर्धा कोयता धरतो," तो म्हणाला. "उचल बी अर्धीच."

एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. मला हे जन्मभर माहीत होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"अर्धा का रं?"

"असं काय इचारता मामी. बाई न्हाई ना आता."

"दाखव वही. गेल्या साली कुठं व्हती ती?"

"कोण?"

"अर्धा कोयता. ती गेली तवा अर्धा झाला म्हणतोस. मग व्हती तवा कुठल्या पानावर लिवली व्हतीस? दाखव."

तो वहीकडं बघत बसला. पान उलटलं, परत उलटलं, जसं काही खरंच सापडणार होतं. "मामी, तुमी बी कायबी..." तो पुटपुटला.

"ह्या साली तुज्या वहीत बायांची नावं लिवायची. न्हाई लिवलीस तर ही टोळी तुज्या गाडीत बसणार न्हाई. इचार जा घरोघर."

तो विचारत गेला. कडूबाईनं त्याला दारातच सांगितलं की आधी माझं नाव लिही, मग ह्यांचं, आणि वर म्हणाली की स्पेलिंग चुकलं तर परत यावं लागेल. राणीनंही सांगितलं. चार घरांनंतर त्यानं पेन काढलं. तेवीस नावं झाली. मी ओट्यावर बसून संस्थेच्या नव्या फॉर्मवर तीच तेवीस लिहिली, बायकांची आधी. निघायच्या आदल्या दिवशी अकरा जणींना पारावर बोलावून ज्वारीच्या कडब्याची पेंढी पुढं टाकली आणि एकेकीकडून गाठ मारून घेतली. डावीकडं. हात कुणाचाच विसरला नव्हता.

यादीवर चोविसावी ओळ रिकामी राहिली. साधना म्हणाली, रेघ मारा मावशी. मी रेघ मारली नाही. तिथं जे लिहिलं तेच इथं लिहिते.

कोकिळा वाल्मीक रोडे, वय एकतीस, ऊसतोड कामगार. सोमवार, २३ जानेवारी २०२३ रोजी सकाळी सरकारी दवाखान्यात नेताना जीपमध्ये वारली.